दीर्घिकांतून निसटणारा प्रकाश

विश्वाच्या पहिल्या शंभर कोटी वर्षांत दीर्घिकांच्या दरम्यानच्या अवकाशातील हायड्रोजनचे आयनीभवन झाले, ते कोणत्या प्रकाशाने, हा प्रश्न खगोलशास्त्राच्या दप्तरी बरीच वर्षे प्रलंबित आहे, कारण 13.6 इलेक्ट्रॉनव्होल्टहून अधिक ऊर्जेचा जो अतिनील प्रकाश हे कार्य करू शकतो, त्याला ताऱ्यांभोवतीचा हायड्रोजन वायूच जन्मस्थानी गिळून टाकतो आणि दीर्घिकेच्या सरहद्दीबाहेर जाण्यास जणू मज्जावच करतो.

मात्र तरुण, महाकाय ताऱ्यांचे प्रखर वारे आणि अतिनवताऱ्यांचे स्फोट या वायूत जागोजागी विवरे पाडतात, आणि त्या वाटांनी काही प्रकाश निसटतो. याचा एक ठसठशीत पुरावा पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 साली प्रसिद्ध केला. 2015 मध्ये अवकाशात गेलेल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने ऑक्टोबर 2016 मध्ये अठ्ठावीस तासांहून अधिक काळ आकाशाचा एक भाग न्याहाळला, त्यात 930 कोटी प्रकाशवर्षे दूरची एयूडीएफएस-01 ही दीर्घिका सापडली. तिथून सुमारे 60 नॅनोमीटर तरंगलांबीने निघालेला प्रकाश विश्वाच्या प्रसरणाने ताणला जाऊन आपल्यापर्यंत सुमारे 150 नॅनोमीटरचा होऊन आला. हा प्रकाश टिपणाऱ्या ॲस्ट्रोसॅटवरील दुर्बिणीचा व्यास अवघा 38 सेंटिमीटर, हे विशेष! या दीर्घिकेच्या आयनकारी प्रकाशापैकी किमान एक पंचमांश बाहेर पडत असावा, असा अंदाज आहे.

ही दीर्घिका आकाशात कुठे आहे हे जाणायचे असल्यास धार आणि देवासमधील श्रोत्यांनी डिसेंबरअखेरीस रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेकडे, क्षितिजापासून चाळीस अंशांवर पाहावे. ती डोळ्यांना दिसणार नाही, पण आहे त्याच दिशेला.