पहाटेचं रॉकेट



कमिटीने मला फराळावर बोलायला सांगितलं होतं. पण फराळावर बोलणाऱ्या इथे पुष्कळजणी आहेत, तेव्हा मी फटाक्यांवर बोलते.

आम्ही इथे नवीन होतो तेव्हाची गोष्ट. नरकचतुर्दशी, पहाटे पाचची वेळ. मुलांना उटणं लावून आंघोळी झाल्या, कारीट नाही म्हणून द्राक्ष चिरडलं आणि ह्यांनी मागच्या बागेत दोन रॉकेटं सोडली. थोड्या वेळानं दारात पोलीस! कुणीतरी स्फोटासारखे आवाज येताहेत म्हणून फोन केला होता. मी त्याला नरकासुराची गोष्ट सांगू लागले. बिचाऱ्यानं ती पूर्ण ऐकली, मग वही काढून नाव-पत्ता लिहून घेतला आणि म्हणाला, "सातनंतर उडवा."

मला राग आला होता. दिवाळीला सवलत असते असं ऐकलं होतं ना! मग मुद्दाम नियम वाचला. २००४ च्या नियमांप्रमाणे इंग्लंड-वेल्समध्ये रात्री ११ ते सकाळी ७ फटाके उडवायला बंदी आहे. दिवाळीच्या रात्री ती १ वाजता सुरू होते, गाय फॉक्सच्या रात्री १२ ला. म्हणजे सवलत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीची. आपली पहाट त्यात कुठेच नाही! पाच-सहा दिवसांची दिवाळी कायद्याने एका दिवसात बसवली आहे. ही वेळ पाळली जाते की नाही हे पाहणं पोलिसांचं काम. जागेवरचा दंड ९० पौंड; कोर्टात गेलं तर सहा महिन्यांपर्यंत कैदसुद्धा. दुकानदारानं अठरा वर्षांखालच्या मुलाला फटाके विकले, तर मात्र कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे जायचं. आणि रस्त्यात फटाका उडवणं हा केव्हाही गुन्हाच, दिवाळी असो वा नसो.

पहाटेचीही सवलत मागावी असं आपल्यातले काहीजण म्हणतात. मला नाही पटत. आमच्या शेजारीण बाई रात्रपाळी करून पहाटे येतात, त्यांची झोप मोडून कसला नरकासुर मारायचा?

शिवाय कधीकधी घड्याळच आपल्या बाजूनं असतं. २०२५ ला अभ्यंगस्नान २० ऑक्टोबरला होतं. घड्याळं अजून मागे गेली नव्हती, त्यामुळे लंडनला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवला. आदल्या संध्याकाळी शेजारी चकल्या देऊन सांगून ठेवलं आणि सात वाजून पाच मिनिटांनी, सूर्य उगवण्याआधी, आम्ही भुईनळा लावला. आवाज नाही म्हणून नातू मात्र जरा रुसला.