टळलेल्या गुन्ह्याची नोंद



जामखेड-पाथर्डीकडच्या एखाद्या गावात बांधावरून दोन भावांची जुंपते. पोलीस पाटलाकडून ते बीट अंमलदाराच्या, म्हणजे त्या गावांची जबाबदारी असलेल्या हवालदाराच्या कानावर येतं. कोणी तक्रार दिलेली नसते, तरी तो जातो, दोघांना समोरासमोर बसवतो, मोजणीचा अर्ज करायला लावतो. कुऱ्हाडी निघायच्या राहतात. या कामाची नोंद कुठे होते? डोकी फुटली असती तर गुन्हा दाखल, अटक, दोषारोपपत्र, तपास चांगला झाला म्हणून बक्षीससुद्धा. टळलेल्या गुन्ह्याला मात्र रकाना नाही. पोलीस आपणहून काही करत नाहीत, असं म्हणताना हे आपण विसरतो.

2007 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. मिटवलेल्या तंट्यांचे गुण धरले गेले, गावांना पुरस्कार मिळाले. म्हणजे अशा कामाचं मोजमाप करता येतं. मग तेच मोजमाप हवालदाराच्या कामाला का लागू नये?

आणि वेळ? आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, 17 हजार चौरस किलोमीटरचा. शिर्डीची गर्दी, मढीची यात्रा, मोहटादेवीचं नवरात्र, त्यात निवडणुका. बीटचा माणूस बंदोबस्तात अडकला की गावाकडे फिरकणार कधी? पण वेळेवरही तोडगा निघू शकतो: मे 2016 मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. कल्पना एका शिपायाची. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती उचलून धरली. साध्या शिपायाचं म्हणणं वरिष्ठानं ऐकलं आणि अमलात आणलं, ही गोष्ट मला पदकाहून मोठी वाटते. आपलं ऐकलं जातं हे कळलेला माणूस आदेशाची वाट पाहत बसत नाही.

कायद्यानं शिपाई-हवालदाराला एका ठिकाणी साधारण पाच वर्षं दिली आहेत. ती त्याला खरोखर मिळाली पाहिजेत. माणसं ओळखीची झाल्याशिवाय भांडणाची कुणकुण कोण सांगणार?

शेवटी तुम्हाला एक विनंती. आपल्या गावचा बीट अंमलदार कोण, हे माहीत करून घ्या. त्यानं एखादा तंटा वेळीच थांबवला, तर ग्रामपंचायतीच्या कागदावर चार ओळी लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवा.