बुवांचा आवाज आणि पेटीची पट्टी

रेवदंड्याच्या एखाद्या देवळांत एकादशीचें भजन रंगलेलें असतें. वर्षानुवर्षें काळी 3 मध्यें गाणाऱ्या वृद्ध बुवांचा गळा आतां तारषड्जाला पोहोंचत नाहीं. अशा वेळीं पेटीवाल्यानें न बोलतां काळी 2 धरली, तर अभंगहि राहतो आणि बुवांची अब्रूहि.

श्रोतेहो, काम मात्र दिसतें तितकें सोपें नव्हे. काळी 3 चा भूप पांचहि काळ्या पट्ट्यांवर येतो. बोटांना तो पाठच असतो. तोच काळी 2 वर उतरविला कीं रिषभ, गंधार आणि धैवत पांढऱ्या पट्ट्यांवर जातात. बोटें जुन्याच पांच पट्ट्यांवर ठेवून षड्ज तेवढा काळी 5 वर मानला, तर भूपाचा मालकंस होतो! स्वरांमधील अंतरें बदललीं, कीं राग बदलला.

पखवाजाची अडचण निराळी. पुडी फार सैल केली तर तो बोलत नाहीं. दुसराच घ्यावा लागतो. टाळांना कसलीच पर्वा नाहीं.

ज्या पेटीला ऑल इंडिया रेडिओचें दार 1940 पासून 1971 पर्यंत बंद होतें, तिच्यांतच पुढें पट्ट्यांचा सांचा सरकविण्याची सोय रूढ झाली. गांवच्या देवळांत मात्र बहुधा साधी पेटीच असते, आणि बुवा डोळे मिटून सुराची वाट पाहत असतात.