जलविमान आणि महाराष्ट्राचें पाणी

मुंबईला समुद्र भरपूर आणि जमिनीची टंचाई. मग विमानें पाण्यावरच कां उतरूं नयेत, हा प्रश्न साधा वाटतो. उत्तर पाण्याच्या स्वभावांत आहे.

१९३८ च्या सुमारास इंपीरियल एअरवेजच्या उडत्या नौका कराचीहून कलकत्त्यास जातांना राजसमंद व ग्वाल्हेर येथील तलावांवर उतरत. मुंबई त्या वाटेवर नव्हती. मुंबईचें टपाल जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून आणलें, तें जुहूच्या मैदानावर, चाकांच्या लहानशा विमानानें.

उडत्या नौकेचें पोटच पाण्यांत बसतें. लहान जलविमानाखालीं होडीच्या आकाराचीं दोन पोकळ पात्रें असतात. वेग घेतांना तळ पाण्याला चिकटून राहूं पाहतो. म्हणून तळाच्या मध्याजवळ एक आडवी पायरी ठेवतात. तिच्यामागें हवा शिरते, पाण्याची पकड सुटते आणि विमान पृष्ठभागावरून घसरत उड्डाणाचा वेग गांठतें. गंमत अशी कीं, आरशासारखें शांत पाणी वैमानिकाला नको असतें. तें तळ धरून ठेवतें, आणि उतरतांना आपण किती उंचावर आहों हें त्यावरून कळत नाहीं. त्याला बारीक लहर हवी. मोठी लाट मात्र घातकच. आणि पावसाळ्यांतला अरबी समुद्र कसा असतो, हें कोंकणच्या कोळ्यालाच विचारावें! शिवाय खाऱ्या पाण्यानें धातु गंजतो, म्हणून विमान वरचेवर गोड्या पाण्यानें धुणें आलें. धरणाचें पाणी गोडें खरें, पण त्याचा कांठ उन्हाळ्यांत दूर सरकतो. तेथें धक्काहि तरंगताच हवा.

दुसऱ्या महायुद्धांत ठिकठिकाणीं लांब धावपट्ट्या झाल्या आणि होडीसारखें तें पोट नुसतें ओझें ठरलें. पाण्याची ददात नसलेल्या कोल्हापुरांतहि १९३९ सालीं राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत विमानतळ झाला तो उजळाईवाडीच्या माळावर. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीला आजहि तोच जवळचा.

तरी हौस फिटली नाहीं. २०१४ सालीं जुहूहून अँबी व्हॅलीकडे जलविमानाची सेवा निघाली. ती टिकली नाहीं. ९ डिसेंबर २०१७ रोजीं गिरगांव चौपाटीसमोर जलविमानाचें प्रात्यक्षिक झालें. प्रात्यक्षिक आणि वेळापत्रक यांत मोठें अंतर असतें: धक्का, बचाव-नौका, इंधन आणि देखभाल यांचा सगळा खर्च मोजक्याच आसनांवर पडतो, आणि पावसाळ्यांत तीहि रिकामीं. मालदीवमध्यें मात्र अशींच लहान विमानें नित्य ये-जा करतात; तेथील बहुतेक बेटांवर धावपट्टी घालण्याएवढी जमीनच नाहीं.