श्रमदान हवे, वेठ नको

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ता नाही. सूतगिरणीच्या रिंग खात्यात तीस वर्षे पाळ्या केलेला कामगार आहे. शिक्षण सातवी. पुढचे जे काही वाचले ते रात्रपाळी सुटल्यावर याच विहाराच्या वाचनालयात. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

येत्या उन्हाळ्यात गावच्या डोंगरावर चर खणायचे श्रमदान ठरले आहे. आपल्या वस्तीलाही बोलावणे आले. त्यावरून आपल्या पोरांत दोन तट पडले. एक म्हणतो, गाव आपलेही आहे, जायचे. दुसरा म्हणतो, आपल्याला ना जमीन ना विहीर. पाणी मुरणार ते बागायतदाराच्या विहिरीत. मग आम्ही घाम कशाला गाळायचा?

हा दुसरा पोरगा आळशी नाही, बांधवांनो. तो आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणीतून बोलतो आहे. माझे आजोबा वतनाच्या नावाखाली गावाचा सांगावा पोचवत, लाकडे फोडत, मेलेली ढोरे ओढत. मोबदला काय, तर शिळी भाकरी आणि वर शिवी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. पण कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. म्हणजे फुकट राबवून घेणे काय असते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

तरीही मी म्हणतो, जायचे. का, ते सांगतो.

एक एकर जमिनीवर एक इंच पाऊस पडला, तर ते पाणी एक लाख लिटरच्या वर भरते. उघड्या डोंगरावरून ते तासाभरात ओढ्याला लागते आणि जाताना माती घेऊन जाते. ती माती पुन्हा तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. डोंगराला आडवा, एका पातळीत चर काढला, खणलेली माती उताराच्या बाजूला लावली, की पळणारे पाणी थांबते, मुरते. काम माथ्यापासून पायथ्याकडे करायचे, नाहीतर वरचे पाणी खालचा बांध फोडते. यात काही मंत्र-तंत्र नाही. कुदळ, फावडे, घमेले आणि माणसे पाहिजेत.

आणि विहीर आटली की पहिला हंडा कुणाच्या डोक्यावर येतो? बागायतदाराच्या दारात टँकर येतो. आपल्या माय-बहिणींना दोन मैल चालावे लागते. जमीन नसली तरी तहान आहेच ना? १९२७ साली महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून आपला हक्क आहे हे सांगायला. ते पाणी जमिनीतच उरले नाही, तर हक्क बजावायचा कशावर?

आपल्या धम्मालाही हे परके नाही. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात झाडे लावणाऱ्याचा, पूल बांधणाऱ्याचा, पाण्याची सोय करणाऱ्याचा गौरव आहे. सम्राट अशोकाने रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खणल्या, हे त्याने स्तंभलेखात कोरून ठेवले आहे. पण ती सावली आणि ते पाणी वाटेने जाणाऱ्या सगळ्यांसाठी होते, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. एका वाड्यासाठी नव्हते.

इथेच खरी गोम आहे. माझ्या सासुरवाडीला आम्ही तीन उन्हाळे श्रमदान केले. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेची एस.टी. धरून मी जायचो. पहिल्याच पावसाळ्यानंतर विहिरी भरल्या. गावाने पेढे वाटले. मग काय झाले? ज्यांच्या मोटारी मोठ्या त्यांनी ऊस लावला, नवी बोअर मारली आणि होळीला आपल्या वाड्याचा नळ पुन्हा कोरडा. माझी सासू म्हणाली, "जावई, चर आपण खांदलं आन् पाणी उसानं पिलं." मला उत्तर देता आले नाही. चूक चरांची नव्हती. वाटणीची गोष्ट आम्ही आधी काढलीच नव्हती.

ती आधी काढणारे लोक महाराष्ट्रात झाले आहेत. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर वाटायचे ठरले. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. ऊस घ्यायचा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने चर खणले आणि सोबत शेतीसाठी बोअर मारायला बंदी केली, चराईला बंदी केली. साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातले वेळू २०१६ साली वॉटर कप स्पर्धेत पहिले आले, ते सगळे गाव डोंगरावर आले म्हणून. पाणी अडवणे हे पहिले काम, आणि नियम करणे हे दुसरे. दुसरे केले नाही तर पहिले वाया जाते.

म्हणून माझी सूचना आहे. श्रमदानाआधी ग्रामसभा मागायची आणि चार गोष्टी ठरावात लिहून घ्यायच्या. एक, पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर पहिली उपसायची, मग बाकीचे. दोन, गायरानात जे गवत वाढेल ते कापायचा पहिला मान भूमिहीनांचा. तीन, नवी बोअर ग्रामसभेला विचारल्याशिवाय नाही. चार, ज्याच्या विहिरीला पाणी वाढेल त्याच्या घरचा माणूस डोंगरावर आलाच पाहिजे. पाटी उचलायला आपण आणि फोटोला ते, असे चालणार नाही. आणि हो, जेवणाची पंगत एकच बसेल. हे लिहायची गरज पडू नये, पण पडली तर तेही लिहायचे.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली आपले हजारो लोक जमिनीसाठी तुरुंगात गेले, बायाबापड्या लेकरांसकट गेल्या. ज्यांनी जमिनीसाठी तुरुंग सोसला, त्यांच्या नातवांनी जमीन वाहून जाताना हात बांधून बसायचे का?

मालकाच्या हुकमाने केले ती वेठ. बरोबरीने ठरवून, बरोबरीने राबून, बरोबरीने वाटून घेतले ते दान. ठराव झाला तर पहिल्या दिवशी पहिली कुदळ घेऊन मी उभा असेन. गुडघा दुखतो, पण घमेले उचलण्याइतका दम अजून आहे. ठराव नाही झाला तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा मागू. पण मागायला सगळ्यांनी यायचे, बायांनी आधी. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे.

एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जय भीम!