एका छपराखाली दोन शाळा

१९९५ च्या डेटन करारानंतर युद्ध थांबलेल्या बॉस्निया-हर्झेगोविनाच्या काही भागांत बॉस्नियाक व क्रोएट मुले एकाच इमारतीत, परंतु वेगळ्या वर्गांत आणि वेगळ्या अभ्यासक्रमांनुसार शिकतात; निर्वासित कुटुंबे परतू लागल्यावर तात्पुरती म्हणून केलेली ही सोय, ‘एका छपराखाली दोन शाळा’ या नावाने, दुर्दैवाने रुजली. बहुसांस्कृतिक शिक्षणाचा, म्हणजे भिन्न वंश-धर्मांच्या मुलांना एकत्र बसवून परस्परांचा इतिहास शिकवण्याचा, आग्रह तेथे विद्यार्थ्यांनीच धरला. यायत्से या शहरातील माध्यमिक विद्यार्थ्यांनी स्वतंत्र शाळा काढण्याच्या योजनेविरुद्ध निदर्शने केली, आणि २०१७ मध्ये ती योजना मागे घेण्यात आली. हे धैर्य मोठ्यांनाही दाखवता आले नव्हते. २०१८ मध्ये या विद्यार्थ्यांना मॅक्स व्हॅन डेर स्टूल पुरस्कार मिळाला.