तीन भगिनी आणि दोन चीन



चीनचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा माओपासून सुरू होते आणि सीमाप्रश्नावर येऊन थांबते. त्याआधीच्या चीनमध्ये सत्तेच्या चाव्या ज्या एका घरात फिरत राहिल्या, त्या सुंग घराण्याविषयी आज बोलावयाचे आहे.

मूळ पुरुष चार्ली सुंग. हैनान बेटावरचा हा मुलगा अमेरिकेत गेला, ख्रिस्ती झाला आणि १८८६ मध्ये धर्मप्रचारक म्हणून शांघायला परतला. बायबलच्या छपाईत मिळविलेला पैसा त्याने डॉ. सन यत्-सेन यांच्या क्रांतिकार्याला पुरविला. मुलींचे पाय बांधणाऱ्या त्या समाजात त्याने आपल्या तिन्ही मुलींना शिक्षणासाठी अमेरिकेस धाडले, हे विशेष.

थोरली आय-लिंग धनाढ्य कुंग यांच्या घरी गेली. मधल्या चिंग-लिंगने १९१५ मध्ये वडिलांचा विरोध डावलून खुद्द सन यत्-सेन यांच्याशी विवाह केला. धाकटी मेई-लिंग १९२७ मध्ये च्यांग कै-शेक यांची पत्नी झाली. बंधू टी. व्ही. सुंग १९२८ पासून अर्थमंत्री होते. १९३३ मध्ये ते पायउतार झाले तेव्हा खाते मेहुणे कुंग यांच्याकडे आले, ते थेट १९४४ पर्यंत. सोळा वर्षे खजिन्याची किल्ली घराबाहेर गेली नाही!

या घराण्याच्या कर्तृत्वाविषयी शंका नको. डिसेंबर १९३६ मध्ये शीआन येथे च्यांग यांना त्यांच्याच सेनापतीने ओलीस ठेवले, तेव्हा मेई-लिंग आणि टी. व्ही. थेट तेथे गेले व सुटका घडवून आणली. फेब्रुवारी १९४२ मध्ये कोलकात्यात गांधीजी व च्यांग यांच्या भेटीत दुभाषी होत्या त्या मेई-लिंगच. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर भाषण करून ते राष्ट्र जिंकले.

पण घरात फट १९२७ मध्येच पडली होती. च्यांग यांनी कम्युनिस्टांचे शिरकाण केले. चिंग-लिंगने जाहीर निषेध करून मॉस्को गाठले. धाकट्या बहिणीच्या विवाहालाही ती नव्हती.

खरा घात केला तो महागाईने. ऑगस्ट १९४८ मध्ये नवे चलन आणून सरकारने जनतेला घरातले सोने-चांदी जमा करावयास लावले. मध्यमवर्गाने ते निमूटपणे दिले, आणि काही महिन्यांतच हाती आलेल्या नोटांना रद्दीची कळा आली. शांघायमध्ये साठेबाजांवर छापे घालत होते च्यांग यांचे पुत्र चिंग-कुओ. छाप्यांचा रोख आय-लिंगच्या मुलाच्या कंपनीकडे वळताच मावशी मेई-लिंग मध्ये पडल्या. भाचा सुटला. ज्यांनी आपले दागिने बँकेत नेऊन दिले होते त्यांनी हे पाहिले. च्यांग यांचे राज्य रणांगणावर हरले हे खरेच. पण माझ्या मते शहरांतील त्यांचा हक्काचा माणूस त्यांच्यापासून तुटला तो या दिवसांत.

१९४९ नंतर कुंग व टी. व्ही. अमेरिकेत, मेई-लिंग तैवानात. चिंग-लिंग पेकिंगमध्ये उपाध्यक्षपदी बसल्या, तरी सांस्कृतिक क्रांतीत रक्षकांनी शांघायमधील त्यांच्या आई-वडिलांची कबर उद्ध्वस्त केलीच. ती पुढे दुरुस्त झाली. २९ मे १९८१ रोजी चिंग-लिंग गेल्या. निमंत्रण असूनही मेई-लिंग अंत्यविधीला आल्या नाहीत. २००३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचेही निधन झाले. आय-लिंग, टी. व्ही. आणि मेई-लिंग यांना न्यूयॉर्कजवळच्या एकाच दफनभूमीत ठेवले आहे; आई-वडिलांशेजारी शांघायमध्ये आहे ती एकटी चिंग-लिंग.